लुटुपुटूचं कोर्ट, नववीचा वर्ग: मुलांची तयारी कशी करून घेऊ?

पाटीवरचा_खडू | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, मी सांगली जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. डिसेंबरात गॅदरिंगच्या आदल्या दिवशी नववीची मुलं मॉक ट्रायल करणार आहेत. अ तुकडी सरकार पक्ष, ब तुकडी बचाव पक्ष. अनुभवी लोकांचा सल्ला हवाय, पण आधी गेल्या वर्षीची फजिती सांगतो.

गेल्या वर्षी टिळकांवरचा १९०८चा राजद्रोहाचा खटला घेतला होता. पगड्या आल्या, उपरणी आली, न्यायमूर्ती दावरांसाठी कापसाचा विग झाला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते म्हणून नऊ मुलं बाकावर बसवली, त्यातल्या सातांना पावडर फासली (हसू नका). १३ ते २२ जुलै चाललेला खटला आम्ही ४० मिनिटांत उरकला. टिळक स्वतःचा बचाव स्वतःच करत २१ तासांहून अधिक बोलले होते. आमचे टिळक चार मिनिटं बोलले, तेही शेवटचं मिनिट माझ्या विंगेतल्या कुजबुजीवर.

टाळ्या खूप पडल्या. पण रंगीत तालमीला ज्युरीतल्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, मी निर्दोष म्हटलं तर चालेल?" मी म्हटलं, "नाही रे, सात विरुद्ध दोन असा निकाल लागला होता. तू सातांतला." तर म्हणतो, "मग मी ऐकू कशाला?"

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. म्हणून यंदा निकाल कुणालाच माहीत नाही असा खटला घ्यायचं ठरवलंय. कच्चा आराखडा असा: वाचनालयाच्या व्हरांड्यातून ४,५०० रुपयांची सायकल चोरीला जाते. तारीख १२ डिसेंबर, वेळ संध्याकाळी पावणेसात. समोरचा चहावाला एका मुलाला सायकल नेताना पाहतो. दोन दिवसांनी १६ वर्षांच्या एका मुलाकडे ती सापडते. तो म्हणतो, "मी बाजारात अडीच हजाराला घेतली." सत्र न्यायालयात खटला चालतो. साक्षीदार पाच: फिर्यादी, चहावाला, हवालदार, सायकल दुरुस्तीवाला आणि आरोपीचा मित्र. प्रत्येकाचा पानभर जबाब मी लिहिलाय, खाली सहीसुद्धा घेतलीय.

संवाद लिहून देणार नाही. हे बरोबर करतोय का?

रसवंती | ४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सर, पालक म्हणून बोलते. संवाद नाही दिले तर मुलं त-त-प-प करतील आणि समोर अख्खं गाव बसलेलं असेल. निदान सुरुवातीचं भाषण तरी पाठ करून घ्या.

वकिलीणबाई | ४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

रसवंतीताई, तालुका कोर्टात २२ वर्षं झाली, मीही अजून त-त-प-प करते. चालतं ते.

सर, कल्पना झकास आहे, पण आराखड्यात आमच्या नजरेला खुपणारी बरीच कुसळं आहेत. एकेक काढते.

आरोपी १६ वर्षांचा ठेवलात तर खटला तिथेच संपला. १८ वर्षांखालचं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, तिथे पिंजरा नाही, प्रेक्षक नाहीत आणि त्याचं नावही बाहेर सांगता येत नाही. त्याला १९ वर्षांचा करा.

सायकल ४,५०० ची नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरी आता कलम ३०३ मध्ये. पाच हजारांखालच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तुमच्या हवालदाराला तपासच करता येणार नाही. शिवाय पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची. (वेगळा खटला म्हणून हा मुद्दा सुंदर आहे, पण नववीला पहिल्याच वर्षी नको.) सायकल सात हजारांची करा.

ती व्हरांड्यातून बाहेर रस्त्यावर आणा. मालमत्ता ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली की कलम ३०५ येतं आणि सात वर्षांची भाषा सुरू होते. तुमच्या ब तुकडीतला एखादा चौकस मुलगा त्यावरच अर्धा तास खाईल.

सत्र न्यायालय कशाला? साधी चोरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. तिथे 'मिलॉर्ड' कुणी म्हणत नाही. आम्ही 'सर' किंवा 'मॅडम' म्हणतो, जुने पक्षकार 'साहेब' म्हणतात. हातोडा आपल्याकडच्या न्यायाधीशांच्या टेबलावर नसतो. गीतेवर हात ठेवून शपथ हाही सिनेमाच. ईश्वराच्या नावे शपथ घ्यायची, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, बस्स.

आणि त्या जबाबांवरच्या सह्या खोडा. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. क्षुल्लक वाटेल, पण यातच गंमत आहे. तो जबाब हाच पुरावा असंही म्हणता येत नाही, तो फक्त साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला की त्याला अडवायला वापरायचा. मुलांना हे कळलं की उलटतपासणी निम्मी समजली.

शंकेखोर | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

एक विचारू? १४ वर्षांच्या मुलांना एका गरीब चहावाल्याला खोटं पाडायला शिकवायचं, आणि चोर सुटला की टाळ्या वाजवायच्या. यातून नागरिकशास्त्र कसं शिकवलं जातं?

वकिलीणबाई | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

चहावाला खोटं बोलतोय असं कोण म्हणतंय? तो प्रामाणिकपणे चुकलेला असू शकतो, आणि कोर्टात मला जास्त धास्ती प्रामाणिकपणे चुकणाऱ्यांचीच वाटते. खोटारडा गडबडतो. हा ठाम असतो.

हरी_आबा | ५ नोव्हेंबर, दुपारी २.२०

मी कोर्टात बेलीफ म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कायद्याचं बाईंनी सांगितलंच. मी आपला कोर्टाच्या मराठीबद्दल बोलतो.

साक्षीदाराचं बोलणं कोर्टात सहसा प्रश्नोत्तरात लिहीत नाहीत, सलग निवेदनात लिहितात. वकील विचारतो, "तुम्ही आरोपीशी जुनं भांडण आहे म्हणून खोटं सांगताय ना?" साक्षीदार म्हणतो, "न्हाई ओ साहेब." कागदावर उतरतं: 'हे म्हणणे खरे नाही की, आरोपीशी माझे जुने भांडण असल्यामुळे मी खोटी साक्ष देत आहे.' वकील विचारतो, "रस्त्यावर दिवा होता हे पोलिसांना सांगितलं होतं का?" तो म्हणतो, "सांगितलं होतं की." वकील जबाब दाखवतो, त्यात तसं काहीच नसतं. कागदावर: 'ही बाब माझ्या पोलीस जबाबात का नमूद नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.' ही दोन वाक्यं माझ्या हातून किती हजार वेळा गेली असतील कोण जाणे.

तर सर, दोन चांगल्या अक्षराच्या पोरी लघुलेखक म्हणून बसवा. बोली ऐकायची आणि कोर्टाच्या मराठीत फिरवायची. मराठीच्या बाईंना सांगा, वाक्यरूपांतराचा धडा इथेच होईल. दुसरं, साक्षीदाराला म्हणावं सावकाश बोल, लिहिणाऱ्याची लेखणी थांबली की पुढचं वाक्य.

आणि पोरांना एकदा खरं कोर्ट दाखवा. न्यायालय खुलं असतं, कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं. आधी न्यायाधीशांच्या कानावर घाला, मोबाइल बंद, आणि पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची) किंवा घरगुती भानगडीची प्रकरणं नसतील असा दिवस निवडा. पुकारा, म्हणजे शिपायाने पक्षकाराचं नाव मोठ्याने पुकारणं, कसा होतो तो ऐकवा. तुमच्या नाटकात शिपाई झालेला पोरगा हमखास चुकीचा ओरडतो.

चौथं_सेमिस्टर | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

विधी महाविद्यालयात आहे. आमच्याकडे अभिरूप न्यायालय असतं, पण तो वेगळा प्रकार. त्यात साक्षीदार नसतो. घटना मान्य धरून कायद्याच्या मुद्द्यावर अपिलातला युक्तिवाद करायचा. आमच्यातले कित्येक जण पाच वर्षं अपिलंच लढवतात आणि पहिल्या नोकरीत साक्षीदारापुढे उभं राहिल्यावर घामाघूम होतात. म्हणून सर करताहेत ते खरं अवघड काम आहे.

टिळकांचा खटला मात्र पूर्ण टाकून देऊ नका. त्यात एक जागा अशी आहे की निकाल ठाऊक असला तरी बिघडत नाही. केसरीतले लेख मराठीत, ज्युरीला मराठीचा गंध नाही. सगळा खटला इंग्रजी भाषांतरावर उभा. टिळकांनी भाषांतरकाराचीच कसून उलटतपासणी केली, या शब्दाला हाच प्रतिशब्द का, त्याची छटा कोणती. एक तास एवढंच करून घ्या. आजच्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, एक मुलगा हिंदीत भाषांतर करील, दुसरा त्याची उलट घेईल.

पाटीवरचा_खडू | ५ नोव्हेंबर, रात्री १०.००

हे मी उद्याच करणार. आणि दुसरी एक गोष्ट गेल्या वर्षी मुलांना सांगायची राहूनच गेली होती. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर. अकरा वर्षांनी न्यायाधीश झाल्यावर त्यांनीच जामीन नाकारला, आणि तो अर्ज मांडणारे वकील होते जीना. आमचे दावर फक्त विग नीट करत राहिले.

मिडवेस्टमधली_मावशी | ६ नोव्हेंबर, पहाटे ५.५०

आमच्याकडे अमेरिकेत शाळांच्या मॉक ट्रायलचं मोठं प्रस्थ आहे, देशपातळीवरची स्पर्धा १९८४ पासून होते. लेक तीन वर्षं होती. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण दर शनिवारी गाडीत बसून त्यांचे सराव ऐकलेत.

इथे सगळ्यांना एकच बाड मिळतं: जबाब, नकाशा, फोटो, लागू होणारी कलमं. त्याबाहेरचं काही आणायचं नाही. साक्षीदार झालेल्या मुलाने आयत्या वेळी "माझा चष्मा त्या दिवशी फुटला होता" असं नवंच काही ठोकलं तर गुण कापतात. तुमच्याकडे हा नियम आधीच सांगून ठेवा, नाहीतर आपली मुलं गोष्टी रचण्यात पटाईत.

दुसरं, अ तुकडी सरकारची, ब तुकडी बचावाची असं करूच नका. इथे एकाच संघाला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात. सकाळी आरोप करायचा, दुपारी तोच आरोप फोडायचा. लेक पहिल्या वर्षी बचावाची वकील होती आणि आरोपी निर्दोषच आहे यावरून घरात जेवणाच्या टेबलावर भांडायची. दुपारच्या फेरीत बाजू बदलल्यावर तिचा चेहरा बघायचा होता.

ज्युरी मात्र इथली आहे, ती उचलू नका. तुमच्याकडे आता नसते ना?

वकिलीणबाई | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.००

नसते. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हा तिच्यात ज्युरीला जागाच नव्हती. आता निकाल एकटे न्यायाधीश देतात, आणि कारणं लिहून देतात. सर, ही कारणं लिहिणं मुलांकडून जरूर करून घ्या. 'दोषी' किंवा 'निर्दोष' म्हणायला अक्कल लागत नाही.

पाटीवरचा_खडू | २१ नोव्हेंबर, रात्री ९.१५

तपशील द्यायला उशीर झाला, सहामाहीचे पेपर होते. आरोपी १९ वर्षांचा झाला, सायकल सात हजारांची झाली आणि रस्त्यावर आली. तुकड्यांच्या वाटण्या रद्द, सगळे दोन्ही बाजू तयार करताहेत. शिव्या खातोय.

पहिला आठवडा नुसता प्रश्न विचारण्यात घालवला. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, सूचक (उत्तर सुचवणारा) प्रश्न चालत नाही, हे मुलांच्या गळी उतरायला चार तास लागले. "तुम्ही आरोपीला सायकल नेताना पाहिलंत ना?" हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. मग खेळ केला. एकाने बाकाखाली वस्तू लपवायची, दुसऱ्याने 'काय, कुठे, केव्हा, कोण' यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांतूनच माहिती काढायची. 'ना' म्हटलं की बाद. उलटतपासणीला खेळ उलटा. प्रश्न असा विचारायचा की उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' यावं, आणि ते काय येणार हे तुला आधीच माहीत असावं.

तरी काल घोटाळा झालाच. एका मुलीने चहावाल्याला सुरेख घेरलं होतं. "तुमची टपरी रस्त्याच्या पलीकडे आहे?" हो. "मध्ये वडाप (प्रवासी जीप) थांबते?" हो. "तेव्हा गिऱ्हाईक होतं?" हो. "तुम्ही चहा गाळत होता?" हो. आता खाली बसायचं. पण तिला राहवेना. "मग एवढ्यात तुम्हाला चेहरा कसा दिसला?" चहावाला शांतपणे, "तो माझ्याकडं बघून हसला की." सगळा वर्ग फुटला. आणि मावशी, ते हसू बाडात आहे बरं! दुसऱ्या पानावर शेवटून तिसरी ओळ. तिने ती वाचली नव्हती.

वकिलीणबाई | २१ नोव्हेंबर, रात्री ९.५०

तिला माझ्याकडून पेढा द्या. हा 'कसं' आणि 'का' उलटतपासणीत मी पहिली सात वर्षं विचारत होते.

हवालदाराच्या जबाबात 'आरोपीने माझ्यासमोर गुन्हा कबूल केला' असं वाक्य घातलंय का? नसेल तर घाला. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, साक्ष अधिनियमाचं कलम २३. बचावाचा मुलगा वेळेवर उठून हरकत घेतो का ते बघा. सांगू नका कुणाला.

शंकेखोर | २२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

म्हणजे कबूल करूनही सुटायचं.

हरी_आबा | २२ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

भाऊ, कबुली कोठडीत कशी निघते ते तुम्ही पाहिलं असतं तर हे लिहिलं नसतंत. मी पाहिलंय. इथे सविस्तर लिहीत नाही, पोरं वाचत असतील.

रसवंती | २२ नोव्हेंबर, दुपारी १२.००

सर, माझी लेक (तीच, हसण्यावर आपटलेली) रात्रीपासून जेवताना मला सूचक प्रश्न विचारतेय. "तू भाजीत मीठ घातलं नाहीस, हे म्हणणं खरं आहे का?" संवाद पाठ करून घ्या म्हटलं होतं, तो आक्षेप मागे घेते. तुम्ही हे थांबवाल कधी?

पाटीवरचा_खडू | २४ डिसेंबर, रात्री ११.३०

काल झालं. थकलोय, पण आजच लिहितो.

न्यायाधीश म्हणून आमच्याच गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या. कायद्याच्या नाहीत, पण ४० वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकलेल्या. सव्वा तास चाललं. पुकारा दोनदा चुकला, आबा म्हणाले होते तसंच. फिर्यादी झालेला मुलगा सायकलवरून इतका भावुक झाला की त्याला पाणी द्यावं लागलं. कबुलीचं वाक्य आलं आणि बचावाच्या बाकावर कुणी उठेना. मी मागे खुर्चीत मुठी आवळून बसलेलो. हवालदार पुढे दोन वाक्यं बोलून गेला, मग एक अगदी न बोलणारा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हरकत आहे. मघाशीच घ्यायची होती, पण मला धीर झाला नाही." मॅडमनी हरकत मंजूर केली आणि लघुलेखक मुलींना ते वाक्य खोडायला लावलं.

पण खरी करामत सूर्याची. चहावाला म्हणाला, "उजेड चांगला होता." रसवंतीताईंच्या लेकीने पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. १२ डिसेंबरचं पान, सूर्यास्ताची वेळ सहाच्या आसपास. "पावणेसातला सूर्य मावळून अर्धा तास होऊन गेला होता, हे म्हणणं खरं आहे?" हो. "जबाबात रस्त्यावरच्या दिव्याचा उल्लेख नाही, हे म्हणणं खरं आहे?" हो. आणि खाली बसली! मी तिला एवढ्या घाईने खाली बसताना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सरकार पक्षाने हरकत घेतली, कॅलेंडर बाडात नाही. मावशी, तुमच्या नियमाने ते बादच व्हायला हवं होतं. मॅडम दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "सूर्य बाडात नसला तरी मावळतोच. हरकत फेटाळली." कायद्याने हे बरोबर की चूक ते बाई सांगतील.

निकाल: संशयाचा फायदा, आरोपी निर्दोष. सायकल फिर्यादीला परत. मॅडमनी कारणं दीड पान लिहिली आणि त्यात एक ओळ होती की आरोपीने सायकल विकत घेतल्याची पावती दाखवली नाही हे खटकतं, पण नुसत्या खटकण्यावर शिक्षा देता येत नाही. सरकार पक्षाची मुलं संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीत. त्यातल्या दोघांनी आज अपिलाचा मसुदा आणून दिला. मुद्दा: चोरीचा माल दोनच दिवसांत ताब्यात सापडला तर तो माणूस चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा आहे असं अनुमान न्यायालय काढू शकतं, ते का काढलं नाही? हे त्यांना मी शिकवलं नव्हतं.

वकिलीणबाई | २५ डिसेंबर, सकाळी ८.२०

सूर्यास्ताची न्यायालयाने स्वतःहून दखल घेणं चालतं, मॅडम बरोबर होत्या. आणि त्या अपिलवाल्या दोघांचा मुद्दाही बिनचूक आहे. साक्ष अधिनियमाचं कलम ११९. मी सरकारी वकील असते तर तिथूनच सुरुवात केली असती.

शंकेखोर | २५ डिसेंबर, सकाळी ९.४५

मी असतो तर शिक्षाच दिली असती. पण तो हरकतवाला मुलगा आवडला.

पाटीवरचा_खडू | २५ डिसेंबर, सकाळी १०.१०

पुढच्या वर्षी दिवाणी घ्यावं म्हणतोय. शेताच्या बांधाचा दावा, दोन सख्खे भाऊ, मोजणीचा नकाशा, जुना सातबारा. मुलांना घरचंच वाटेल.

हरी_आबा | २५ डिसेंबर, सकाळी १०.४०

घ्या की सर. फक्त आत्ताच्या पाचवीला आत्ताच नोटीस काढा, म्हणजे दहावीपर्यंत पहिली साक्ष होईल.